मोटार क्लबचे खेळ आणि एक मोकळा रविवार

२८ ऑक्टोबर १९५६

ब्रह्मपुरीच्या आमच्या मोटार क्लबाचा क्रीडा-सेक्रेटरी म्हणून आज माझी एकमताने निवड झाली. मत माझंच होतं, पण विरोध कुणी केला नाही. राइस मिलवाले गुणवंतराव म्हणाले, तुम्हीच करा जी, तुमच्याइतका टाइम कोणापाशी हाये. केवढा हा विश्वास.

क्लबात माझी धरून सहा मोटारी. माझी ऑस्टिन सर्वांत जुनी, म्हणजे सर्वांत अनुभवी.

स्नेहसंमेलन २५ नोव्हेंबरला, वैनगंगेच्या काठच्या आमराईत. कॅलेंडर बघून ठरवलं. रविवार, कोरा करकरीत. ना सण, ना उपास. असा दिवस इतकी वर्षं कुणाच्या नजरेत कसा आला नाही, नवल आहे.

३० ऑक्टोबर

खेळ ठरले. एक, लिंबू-चमचा, पण धावत्या मोटारीत बसून. दोन, डोळे मिटून आपल्या मोटारीचा हॉर्न ओळखणे. तीन, संगीत खुर्ची. चार, हा माझा स्वतःचा शोध: यजमानांनी डोळे बांधून मोटार हाकायची आणि शेजारी बसून सौ.नी वाट सांगायची. फार गंमत येईल. यात मी भाग घेऊ शकत नाही, कारण मी लग्न केलेलं नाही. पंच कुणीतरी लागतोच.

बक्षीस: चंदनाचे साबण.

१ नोव्हेंबर

आजपासून आपण मुंबई राज्यात. क्लबाच्या कागदावरचं 'मध्यप्रदेश' हाताने खोडत बसलो. नव्या राज्यातलं हे बहुधा पहिलंच मोटार-संमेलन. मुंबईला कळवावं का? उद्या बघू.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

कलाबाई स्वयंपाक करून, चकल्या ठेवून लवकर गेली. तिचं घर भरलेलं असतं. मी दोन पणत्या लावल्या आणि कामाला बसलो. एकटेपणाचा हा मोठा फायदा, काम होतं. समोरच्या घरी फार हसत होते. खिडकी लावून घेतली. डास.

९ नोव्हेंबर

निमंत्रणं छापून आली. स्वतः जाऊन दिली. मी विम्याचा एजंट असल्यामुळे मला येताना पाहून लोक लगबगीने आत जातात. कागदपत्रं शोधायला जात असावेत.

भैयाजी मालगुजार तारीख वाचून म्हणाले, त्या दिवशी? पाहू ना. बांबूचे ठेकेदार मुखरूशेठ म्हणाले, येऊन राह्यलो समजा. म्हणजे दोघेही येणार. गुणवंतरावांनी कार्ड बराच वेळ हातात धरलं. सुगंधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दारातून विचारलं, औंदा सांगतलं का त्याईले? ते म्हणाले, आठ साल सांगतलं, आता नाई सांगत. मिलची काही वसुली असावी. मी दुसरीकडे बघितलं.

१४ नोव्हेंबर

रंगीत तालीम. कलाबाईला मागच्या सीटवर लिंबू-चमचा दिला. लिंबू पडलं ते सीटखाली गेलं. मग मी डोळे बांधले आणि तिला शेजारी बसवून वाट सांगायला लावली. ती नुसतं इकडं जी, इकडं जी करत राहिली. ऑस्टिन शेजाऱ्यांच्या भाताच्या तणशीच्या ढिगात. नियम जोडला: डावं-उजवं स्पष्ट सांगावं.

बाई बरीच हसली. माझ्या घरात कुणी एवढं हसल्याचं आठवत नाही. संमेलनात सगळेच हसतील.

१८ नोव्हेंबर

कलाबाई म्हणते, पंचवीसले मी येत नाई, मंडई हाये गुणवंतरावांच्या गावी. मी म्हटलं, येऊ नकोस. तर म्हणे, तुमच्या साऱ्या मोटारी बी तिथीच जातीन, तारीख बदलवून टाका. दिवाळीनंतर इथे गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, घरोघरी पंगती उठतात, दंडारीचा सोंगं-गाण्यांचा खेळ होतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ती कॅलेंडरात छापत नाहीत. मंडईसाठी शिकलेली माणसं छापील निमंत्रण सोडतील का?

शिवाय इथे आल्यापासून आठ वर्षांत मला मंडईचं निमंत्रण कुणी दिलेलं नाही. दर दिवाळीत गुणवंतराव रस्त्यात भेटून म्हणायचे, मंडईले या जी. पण ते जाता जाता बोलणं. निमंत्रण म्हणजे कार्ड हवं, वेळ हवी. यंदा तर तेवढंही म्हणाले नाहीत. कलाबाई म्हणाली, मंडईले कार्ड कोण छापते?

२५ नोव्हेंबर, सकाळ

आमराईत सर्वांच्या आधी मी. खुर्च्या गोल मांडल्या. साबण टेबलावर. हवा छान.

दुपार

अजून कुणी नाही. वाट चुकले असतील. त्यांना ऐकू जावं म्हणून हॉर्न वाजवतो आहे. खुर्च्यांची तपासणी म्हणून सगळ्यांवर एकेकदा बसून पाहिलं.

डबा उघडला नाही. सगळे आल्यावर एकदमच.

नंतर

हॉर्न बंद. बॅटरी उतरली. हँडल मारून हात दुखले.

रात्र, घरी

कोलू नावाचा एक शेतकरी बैलगाडीत मंडळी घालून मंडईला चालला होता. त्याने ऑस्टिन गाडीमागे दोराने बांधली. म्हणाला, मंडईत चला, तिथी मोटारवाले भेटतीन. भेटले. गुणवंतरावांच्या अंगणात चिंचेखाली क्लबाच्या पाचही मोटारी उभ्या. बैलांमागून येणारी ऑस्टिन पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या, सोंग आलं असं वाटलं असावं.

गुणवंतराव चपला न घालता धावत आले. सुगंधाबाई म्हणाल्या, आले एकदाचे. आठ साल तुमचा पाट मांडला जी, औंदाच नाई मांडला. थांबा, मांडतो. भैयाजी, मुखरूशेठ सरकून जागा करत होते.

मी म्हटलं, जेवण झालंय, आणि मला दुसरीकडे जायचं आहे.

मग सगळ्यांनी ऑस्टिन ढकलली. भैयाजी, मुखरूशेठ, जावई, सगळे हसत होते. क्लबाच्या सर्व सभासदांनी भाग घेतलेला हा एकच खेळ, नोंद करून ठेवतो. गाडी सुरू झाली. मागून गुणवंतराव ओरडत होते, थांबा जी, थांबा. गाडी थांबवली असती तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून नाइलाज झाला.

२६ नोव्हेंबर

कलाबाई आली. सुगंधाबाईंनी तिच्याबरोबर अनारसे पाठवले आहेत आणि निरोप, बोलावण्याची वाट पाहू नोका, पुढच्या साली सरळ या.

पुढच्या वर्षी तिथे कलाबाईबरोबर जावं का, असं एकदा वाटलं. तारीख तिला विचारायची होती, तोवर ती भांडी घासायला गेली.

आमराईत खुर्च्या राहिल्यात, त्या आणायच्या आहेत. एक साबण वापरायला काढला.

गाडी थांबवायला हवी होती. बंद पडली असती तर पडली असती. काल मी जेवलो नव्हतो.