खारे हात

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायला मला पाच मिनिटं लागली, हे आधीच सांगून टाकते. दर रविवारी तू फोनवर विचारतोस, "बाबा वाजवतात ना?" बाबा माझ्या शेजारी बसून मान हलवतात आणि मी हो म्हणते. चार महिने मी हे खोटं बोलतेय. बाबा वाजवत नाहीत. तू परत गेलास त्या दिवसापासून त्यांनी बेस गिटार मांडीवर घेतलेली नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोंड घातलं असतंस, चार वेळा सॉरी म्हणाला असतास आणि मी विरघळले असते. मला विरघळायचं नाही. म्हणून कागद घेतला. कागदाला मधे बोलता येत नाही.

तू आठ दिवसांसाठी आलास आणि येताना दोन गोष्टी आणल्यास. बाबांना कानाचं मशीन आणि त्यांच्या गिटारला नव्या तारा. मशीनबद्दल माझी तक्रार नाही, ते लागणारच होतं. पण तारा! कुठल्याशा चकचकीत दुकानात जाऊन तू "सगळ्यात भारी असतील त्या द्या" म्हणाला असशील, आणि त्यांनी दिल्या. बहीण बावीस वर्षं वाद्यं दुरुस्त करतेय, तिला एका शब्दानं विचारावं असं तुला वाटलं नाही. नाही, थांब. फोन केला होतास. मी दुकानात एका व्हायोलिनची पाठ उघडून बसले होते आणि तू विचारलंस, पक्कड कुठे आहे? स्वयंपाकघरात, दुसऱ्या खणात, असं सांगून मी फोन ठेवला. कशाला हवी ते विचारलं नाही. लहानपणापासून सगळं घर मला पक्कड म्हणून हाक मारतं आणि माझ्याच पकडीनं तू तो उद्योग केलास. याची चीड मला रोज येते, माझी मलाच. पण ते माझं मी बघेन. आज तुझी पाळी आहे.

त्या तारा एकोणतीस वर्षं त्या गिटारवर होत्या. तुला वाटलं, म्हाताऱ्यानं कंजूसपणा केला. आल्या आल्या म्हणालासही, "अरे, या तर काळ्या पडल्यात!" काळ्या पडल्या होत्या म्हणूनच ठेवल्या होत्या, शहाण्या! बेसच्या तारा दोन तऱ्हेच्या. एकीला बाहेरून गोल तारेचा वेढा असतो, बोट फिरवलं की खरखरीत लागते, आवाज खणखणीत, नव्या भांड्यासारखा. दुसरीला चपट्या पट्टीचा वेढा असतो, ती गुळगुळीत आणि तिचा आवाज मुळातच मऊ. बाबांच्या दुसऱ्या तऱ्हेच्या होत्या. त्या वर्षानुवर्षं वाजवाव्या लागतात. बोटांचं तेल, घाम, मळ त्या वेढ्यांत मुरत जातो, वरची चकाकी मरते आणि मग तो जुन्या रेकॉर्डवरचा आवाज येतो, 'धुप्' असा, दार अलगद लावल्यासारखा. असा आवाज पाकिटातून मिळत नाही. कुठल्याच दुकानात नाही. बाबांनी तो स्वतःच्या बोटांनी तयार केला होता आणि तू पाच मिनिटांत कचऱ्याच्या डब्यात टाकलास. शिवाय तारा खाली जिथे टेकतात त्या ब्रिजपाशी, तारांखाली त्यांनी स्पंजचा एक तुकडा खोचला होता, तोही "घाण" म्हणून काढलास. तो स्पंज मी कापून दिला होता, सातवीत असताना.

आणि काढण्याची तरी काही रीत? खुंट्या सैल करून तारा उतरवल्या असत्यास तर मी त्याच परत चढवल्या असत्या, बाबांना कळूही दिलं नसतं. तू ताणलेल्या तारा मधोमध कापल्यास! माझ्या दुकानात कुणी असं केलं तर मी त्याला दाराबाहेर उभा करते. मी घरी पोचले तेव्हा कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, तू नव्या तारांवर टिचक्या मारत होतास आणि बाबा म्हणत होते, "छान झालं रे. एकदम नवी दिसतेय." तुझा चेहरा असा फुलला होता की माझ्या तोंडाला कुलूपच लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मी तुला चहा करून दिला.

तू गेल्यावर मी कामाला लागले. बाबांच्या होत्या तसल्याच कंपनीच्या, तसल्याच जाडीच्या चपट्या तारा मागवल्या. गुळगुळीत होत्या, पण आवाज कोरा, बोलायला घाबरणाऱ्या माणसासारखा. मग काळ्या नायलॉनचं आवरण असलेल्या आणल्या. त्यांचा आवाज इतका गुबगुबीत की एक सूर दुसऱ्यापासून वेगळा कळेना. स्पंज बदलून पाहिला, जाड, पातळ, अर्धा. तारांना तेल चोळलं, हातांना क्रीम लावून अर्धा अर्धा तास वाजवलं. माझे हात तुला माहीत आहेत, लाकडाच्या भुशानं कायम कोरडे ठणठणीत. एका ओळखीच्या वादकाच्या जुन्या तारा मागून आणल्या, त्याच्या गिटारची मान आखूड निघाली, तारा अर्ध्यात संपल्या. दर वेळी माझा प्रयोग फसला की मी तुझ्या भारी तारा परत चढवून ठेवायचे. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. शनिवारी दुपारी ड्रमवाल्या काकांच्या गॅरेजमध्ये चौघांची बैठक असते ना, तिथे ते जातात अजून, पण रिकाम्या हातानं. खुर्चीवर बसून पायानं ताल धरतात आणि घरी येतात.

मला वाटत होतं की त्यांना त्या तारांचा राग आला असेल. राग असता तर बरं झालं असतं. गेल्या महिन्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण मशीन ते खणात टाकून ठेवायला लागले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की खालचे, भारदस्त आवाज त्यांना अजून छान ऐकू येतात, गेलेत ते वरचे, बारीक आवाज, आणि मशीन नेमके तेच वाढवून देतं. तेव्हा बाबा डॉक्टरांना म्हणाले, "मग माझे कान कामातून गेले म्हणायचे. गिटार धरली की सगळी किरकिरच ऐकू येते. मुलानं एवढ्या हौसेनं उत्तम तारा घालून दिल्या, त्यांचा तर दोष नाही." मी तिथेच बसले होते, दादा. माझ्याकडे न बघता ते हे डॉक्टरांना सांगत होते. घरी येऊन मी मशीन त्यांच्या कानात घातलं आणि तुझ्या खरखरीत तारेवरून नुसतं बोट सरकवलं. त्यांनी डोळे गच्च मिटले. ही ती किरकिर. कान नाही गेलेले त्यांचे, तुझ्या तारा किरकिरतात! मी हे ओरडून सांगितलं. ते हसले, म्हणाले, तू भावावर उगाच चिडतेस. तुला दोष द्यायचा नाही म्हणून स्वतःचे कान गेले असं ठरवून बसलेत.

आता तुला जे ऐकवणार आहे ते त्यांनाही ऐकवलं आहे, त्यामुळे मी कुणाची बाजू घेतेय असं समजू नकोस. तू गिटारला हात का लावलास ते मला कळतं. तू तेरा वर्षांचा होतास, तुझ्या तळव्यांना घामाच्या धारा लागायच्या, वहीची पानंसुद्धा चिकटायची. शाळेच्या गिटारच्या तारा तू महिन्याभरात मारून टाकायचास. बाबा तुला 'खाऱ्या' म्हणायचे, सगळ्यांसमोर, आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. एकदा तू दोन्ही हातांना मनगटापर्यंत पावडर फासून त्यांच्या दारात उभा राहिलास. पांढरे हात पुढे धरून, एक अक्षर न बोलता. बाबांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "खारे हात लांब ठेव, राजा." तू वळून बाथरूममध्ये गेलास आणि बराच वेळ नळ चालू होता. त्यानंतर तू कुठल्याच वाद्याला शिवला नाहीस. मी तेव्हा दाराशी होते. मीही काही बोलले नाही. म्हणजे बघ, या घरात गप्प बसण्यात कुणी मागे नाही. एवढ्या वर्षांनी तुला त्या गिटारला हात लावायचा होता, तर मला सांगायचं होतंस, मी बाबांशी भांडले असते. तुला पक्कडच का सापडली?

आता हे पत्र का लिहिलं ते. बाबांनी गिटार देऊन टाकायचं ठरवलंय, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, काकांच्या ओळखीतल्या एका संगीतवर्गाला. मी काल काकांच्या घरी जाऊन त्यांना दम दिला की दीड महिना तरी काहीही कारण सांगून न्यायचं टाळा. मग घरी आले, तुझ्या तारा उतरवल्या, रीतसर, खुंट्या सैल करून, आणि त्या चपट्या कोऱ्या तारा परत चढवल्या. आधीच्या तारांना जुनं व्हायला बाबांच्या हातानं दोन-तीन वर्षं लागली होती, आणि आता त्यांची बोटं पूर्वीसारखी तासन्‌तास चालत नाहीत. माझ्या हातानं जन्मात होणार नाही. महिन्याभरात तारेची चकाकी मारणारे हात मी आयुष्यात एकाच माणसाचे पाहिलेत. तुझी पाच आठवड्यांची रजा पडून आहे, तूच मिरवत होतास. ये आणि वाजव. सूर लागो न लागो, सकाळ-दुपार त्या तारांवर हात फिरव, मुरू दे सगळं त्यांत. बाबांना मी विचारलेलं नाही, सांगितलंय. ऐकून झाल्यावर उठून त्यांनी पलंगाखालून गिटारची पेटी ओढली, तिच्या कड्या उघडल्या आणि शेजारी ठेंगणं स्टूल आणून ठेवलं, तू लहान असताना बसायचास ते. मी अजून चिडलेलीच आहे, स्टेशनवर घ्यायला येणार नाही. तू सरळ घरी ये. आणि पावडर लावून येऊ नकोस.

तुझीच, अजून न विरघळलेली,
पक्कड