राईतला सोनार

मालवण
रविवार, २१ सप्टेंबर

चि. गुरुदास यास कायतान मास्तरांचे आशीर्वाद. तुझ्या आईस नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच चुलीत घालू नकोस. शाळेत असताना माझं अक्षर तू लांबून ओळखायचास. प्रगतिपुस्तकातला लाल शेरा आईपासून लपवायला ती विद्या उपयोगी पडायची. या वेळी शेरा माझ्यावर आहे, तेव्हा वाच.

आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत. कार्मेलिनाचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. पाऊस हटत नाही. कपाटात चाळीसचा दिवा जळत ठेवलाय, तरी किड्यांच्या पेट्यांना बुरशी धरतेच. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या बश्या ठेवल्या, तर मुंग्या पडद्याच्या दोरीवरून उतरल्या. त्यांनी माझे दोन मोठे रातकिडे फस्त केले, टाचण्या तेवढ्या उरल्या.

गणपतीला यंदा तुमचं बोलावणं आलं नाही. इतकी वर्षं मी चुकवली नव्हती. "मास्तर, देव आमचो, पण मोदक तुमचे," असं तुझी आई म्हणायची आणि पानात पाचवा मोदक टाकायची. मी रागावलेलो नाही. रागावण्याचा हक्क तुझा आहे. एवढंच विचारतो, यंदा गणपतीवरच्या माटवीला काय बांधलंत? कवंडाळं आणि बाकीची रानफळं तू गावच्या राईतूनच आणायचास ना?

फोन करायला हवा होता म्हणशील. तीनदा केला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी फोनवर माझं हल्ली जमत नाही. का, ते पुढे येईल.

काल पेट्या पुसताना पहिला सोनार हाती आला. तुला आठवत असेल. नववीत होतास, तासाच्या मध्येच उठलास आणि कंपासपेटी माझ्या टेबलावर उघडलीस. "सर, ह्या पान चालता," म्हणालास. मी सतरा वर्षं नाकतोडे आणि रातकिडे जमवत होतो, पण असला कधी पाहिला नव्हता. तळहातात मावेना. पंख थेट फणसाच्या पानाचे, शिरांसकट, कडेला करपल्याचा डागसुद्धा. मिशा अंगाच्या दुप्पट. एकेक मिशी तोंडात धरून मुळापासून शेंड्यापर्यंत साफ करत होता, लग्नाला निघालेल्या माणसासारखा. त्याचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली असतात हे मी वर्गाला सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मगे तेचे कान धरूचे कशे, सर?" तो तूच होतास, माझी खात्री आहे.

एवढा धिप्पाड गडी, पण आवाज किती बारीक! टिक् टिक् टिक्, मग फुंकणी मारण्याएवढी उसंत, पुन्हा टिक् टिक्. सोनार हे नाव तूच ठेवलंस. मी दोन ठिकाणी फोटो पाठवले, दुसरं नाव कुणालाच सांगता आलं नाही. टाचणी छातीत उजव्या अंगाला मारायची, आणि खाली चिठ्ठी लावायची: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे नुसता कचरा, हे मी तुला त्याच दिवशी शिकवलं होतं.

पुढच्या वर्षांत आपल्या पेटीत अकरा सोनार झाले, सगळे तुमच्याच राईतले. तू ऐकून शोधायचास, मी टाचायचो. लोक मात्र मला कानवाला मास्तर म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो.

कार्मेलिना पेज घेऊन आली आहे. गार होते म्हणून ओरडते. पुढचं उद्या लिहीन.

सोमवार, सकाळ

रात्रभर मनात वाक्यं जुळवली, सकाळी एकही उरलं नाही. तेव्हा जसं घडलं तसंच लिहितो. तुला बरंचसं माहीत आहे, पण ते माझ्या हातून लिहिलेलं तुझ्याजवळ असायला हवं.

गेल्या वर्षी रिसॉर्टचा रस्ता सड्याच्या उघड्या कातळावरून वळसा घालून न्यायचा की राईतून सरळ, यावर तुमचं गाव अडलं होतं. राईत दुसरीकडे नाही असं काही सापडलं तर रस्ता सड्यावरून, असं ठरलं. सापडतं का ते कायतान मास्तर बघतील आणि पंचायतीच्या जैवविविधतेच्या नोंदवहीत लिहितील, असंही ठरलं. तू सोबत येतो म्हणालास. मी म्हटलं, नको, नोंद घेणारा एकटाच असावा लागतो. असा काही नियम नाही. आदल्या वर्षी तू दोन-तीनदा "सोनार बोललो बघा" म्हणून बोट दाखवलं होतंस आणि मी काहीही न ऐकता मान हलवली होती. पुन्हा तुझ्यासमोर तशी मान हलवायची मला धास्ती वाटत होती.

तीन दिवस तिन्हीसांजेला राईत जाऊन बसलो. बेडूक ऐकले. करवत चालवल्यागत ओरडणारे ते मोठे नाकतोडे ऐकले. लांब घाटीत एसटीने गिअर बदलला तेही ऐकलं. सोनार नाही. वहीत लिहिलं, "सोनार आढळला नाही. राईत आता विशेष काही उरलेलं दिसत नाही." खाली सही केली, पदवीसकट.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवलं, तेव्हा तू उभा राहिलास. "सर, आसा तो थंय. काल सांजेक पाच होते. माका रोज आयकाक येता." एवढंच बोललास, तेही हात मागे बांधून, वर्गात उभा राहायचास तसा.

आणि मी काय बोललो ते मला पाठ आहे. "दहावीक तीनदा बसलंस, तिन्ही खेपेक गणितात गेलंस. आता किडे मोजूक शिकलंस काय रे?"

सभा हसली. मीही हसलो. तुझी आई बायकांत बसली होती, ती हसली नाही. तू खाली बसलास आणि राई गेली.

शिक्षकाने विद्यार्थ्याला चारचौघांत असं बोलू नये. त्यातून तू खरं बोलत होतास. मला त्याची लाज वाटते, गुरुदास. सभेतून घरी येतानाच वाटायला लागली होती, पण तेव्हा मी तिला राग म्हणत होतो.

जूनमध्ये कार्मेलिना मला ओढत कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते मोठे फोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबत गेलो. मग बराच वेळ काही येईना. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. दार उघडून तिथली मुलगी म्हणाली, "काका, बटण दाबा ना. केव्हाची आवाज देतेय." मग तिने कागद दाखवला. रेघ थोडी सरळ जाते आणि मग सड्याच्या कडेवरून गडगडावी तशी खाली येते. जाड आवाज मला अजून ऐकू येतात, बारीक गेले. डॉक्टर म्हणाले, सात-आठ वर्षं झाली असावीत.

कार्मेलिनाने तुला एवढं कळवायला मला तेव्हाच सांगितलं होतं. "सांग तेका, कान गेले म्हणान चूक झाली. झिलासारखो आसा तो, समजान घेतलो." मुलासारखा आहेस, तू समजून घेशील याची तिला खात्री होती. मीही तसंच लिहायला बसलो होतो. म्हातारपण, कान, नकळत झालेली चूक. चांगलं पत्र झालं असतं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं, कारण ते अर्धंच खरं होतं.

त्या डब्याचं त्यात नव्हतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी तू मोटारसायकलवरून आलास. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. "सरांका देवा," असं कार्मेलिनाला म्हणालास आणि चहालाही थांबला नाहीस. मी आत होतो. मुद्दाम बाहेर आलो नाही.

डब्यात फणसाची डहाळी होती आणि तिच्यावर तो. आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मी त्याला जाळीच्या कपाटात सोडला. दोन रात्री कार्मेलिना तक्रार करत होती, "मेल्यान झोपाक दिल्यान नाय." मी म्हणत होतो, हो, फार ओरडतो. तिसऱ्या संध्याकाळी दिवा घेऊन त्याच्यासमोर बसलो. तो पानावर वर चढला, मिशी पुसली, पुढचे पंख जरासे उचलले आणि एकावर एक घासायला लागला. थांबला. पुन्हा घासायला लागला. मी कान जाळीला टेकवला. स्वयंपाकघरातून कार्मेलिना ओरडली, "सुरू झालो बघ!"

"आयकतंय मां," मी म्हटलं.

मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. माझ्या नाकापासून चार बोटांवर तो गात होता आणि मी त्याचे पंख बघत होतो. कणकवलीला जे कळलं ते त्या संध्याकाळीच मला कळलं होतं. त्याच वेळी तुला फोन लावला असता तर? झाडं जानेवारीपर्यंत उभी होती. तीन महिने होते माझ्या हातात. एक अर्ज, चार ओळी, मी चुकलो एवढंच लिहायचं होतं. पण चुकलो म्हटलं की का चुकलो ते सांगावं लागलं असतं, आणि कानवाला मास्तर बहिरा झाला हे बाजारात मासे घेताना लोकांनी बोललेलं मला नको होतं. एवढ्यासाठी, बाबा. एवढ्याशा गोष्टीसाठी.

मी किडे मारायच्या औषधाची बाटली काढली आणि त्याला आत टाकला. मग नेहमीप्रमाणे पोटाला चीर दिली, आतलं काढलं, कापूस भरला, म्हणजे हिरवा रंग काळा पडत नाही. मग चिठ्ठी लिहिली. तारीख त्या दिवसाची, खरी घातली, पाच ऑक्टोबर. सवयच तशी. आणि ठिकाण: "माहीत नाही." पकडणाऱ्याचं नाव: "माहीत नाही."

चाळीस वर्षांत मी खोटी चिठ्ठी लिहिलेली नव्हती. फादरांपुढे गुडघे टेकून बाकी सगळं सांगितलं, ही चिठ्ठी सांगितली नाही. ती तुलाच सांगायला हवी होती.

मागच्या आठवड्यात कुडाळला जाताना मुद्दाम तुमच्या वाटेने गेलो. अर्धी राई गेली आहे. तू त्याला पहिल्यांदा पकडलास तो फणसही गेला. उरलेल्या झाडांवर लाल रंगाच्या फुल्या आहेत, दसऱ्यानंतर ती पाडायची असं टपरीवर कळलं. गाडी लावून थोडा वेळ उभा राहिलो. तुझ्या घराकडे वळायचं धाडस झालं नाही.

यंदा दोन ऑक्टोबरलाच दसरा आहे. तरी ग्रामसभा सकाळी नऊला होणार, मी चौकशी केली आहे. मी येणार. नोंदवहीतलं माझं लिखाण चुकीचं आहे, मला तो आवाज ऐकू येत नाही, हे मला कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो, हे सगळं उभं राहून सांगणार. पण नुसतं रडून झाडं वाचत नाहीत, नवी नोंद हवी. त्यासाठी सभेच्या आधी तीन संध्याकाळी राईत बसावं लागेल. तू ऐक. मी शेजारी वही धरून बसतो. तू सांगशील तो आकडा लिहीन, एक शब्दही विचारणार नाही. सही तुझी राहील.

उरलेल्या अर्ध्या राईत तो आहे की नाही, हेही मला माहीत नाही. तुला माहीत असेल. नसला तर तेही तसंच लिहू.

त्या डब्यातल्या सोनाराखाली काल नवी चिठ्ठी लावली. तुमच्या गावाचं नाव, राई, तीन ऑक्टोबर. ऐकला आणि पकडला: गुरुदास.

आता शेवटचं. मी स्वतःला बहात्तर वर्षं ओळखतो. सभेत चौघं "येवा मास्तर, बसा मास्तर" म्हणतील, पंख्याखालची खुर्ची देतील, आणि मी मऊ पडेन. किंवा त्या सकाळी नेमकं माझ्या पोटात दुखेल आणि मी इथेच अंथरुणात राहीन. म्हणून ती जुनी चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. नखाएवढी आहे, हरवू नकोस. मधोमध टाचणीचं भोक आहे. मी बोललो नाही तर तू उभा राहा आणि ती हातोहात सगळ्यांना दाखव. तारीख सभेनंतरची आहे आणि अक्षर माझं आहे; सोनार हाती असून मी त्याचं ठिकाण लपवलं, याचा तो पुरावा. अर्ध्या गावाला मी शिकवलंय, ते ओळखतील.

हात मागे बांधू नकोस.

तुझो
बहिरो मास्तर,
कायतान