पाद्रीबंगल्याचं बाजूचं दार

७ नोव्हेंबर १९३४
झालं! लोणावळ्याच्या पाद्रीबंगल्यात पहिला मराठी पाद्री राहायला आला, माझा धाकटा भाऊ दत्तोबा — आणि शिरला कुठून? बाजूच्या दारानं! गोऱ्या साहेबानं बांधतानाच दोन दारं ठेवली. पुढचं रुंद, कमानीचं, रंगीत काचांचं — घरच्यांसाठी. बाजूचं अरुंद, बुटकं, थेट पाद्र्याच्या खोलीत उघडणारं — आपल्या लोकांसाठी. मिशनच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला माझा, सुट्टी मागायला त्याच दाराशी उभी राहायचे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं, मान ताठ ठेवून चाला. इथे वाकल्याशिवाय आत जाता येत नाही!

"अरे, बंगला तुझा आता!"

"अक्का, मी पुढून जायला लागलो तर टाकवे गावची माणसं कुठून येतील?"

पुढूनच येऊ देत की, म्हटलं! हसला, आणि वाकून आत शिरला.

१९ नोव्हेंबर
छप्पर इतकं उभं, जणू मावळात बर्फ पडतो! शेकोटी वरच्या मजल्यावर, आणि दत्तू खाली त्या ओलसर खोलीत खोकतोय. वर चल म्हटलं. "लोक जिना चढायचे नाहीत." हट्टी!

२ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं धरलीत. टाकव्याहून त्याच्या मंडळीतली सरुबाई आली त्याला बघायला. पुढून ये गं, म्हटलं.

"नगं अक्का. तितं पाय उचलत न्हाई माजा."

राग आला. कोणाचा, ते कळेना.

९ डिसेंबर
दत्तू गेला.

१० डिसेंबर
शवपेटी पुढच्या दारानंच न्यायची, असं मिशनच्या चिटणीसांना मीच बजावलं होतं. मोठं दार उघडलं — बाहेर चिटणीस एकटे! सगळं टाकवं बाजूच्या दाराशी, थंडीत उभं.

नथू सुतार म्हणाला, "अक्का, हितनं खांदेकरी मावत न्हाईत. चौकटच काढाया लागंल."

चिटणीस ओरडले, "बाई, साठ वर्षांची चौकट आहे ती!"

"मग पुष्कळ झाली. काढ रे नथू."

वाकावं न लागता गेला माझा दत्तू.

१४ डिसेंबर
दाराच्या जागी नुसतं भगदाड. दुपारी सरुबाई आली. अडवायला काहीच नाही, तरी बाहेर उभी.

"आत ये गं."

"कोनाकडं येऊ, अक्का?"