मैत्रेयीचे छर्रे आणि नागपूरची डबी

१ नोव्हेंबर, शनिवार

आणि सगळ्यांच्या आधी रिक्षातून उतरल्या कोण — विहीणबाई! सामान तसंच रिक्षात, आणि यांची आमच्या मैत्रेयीला मिठी! मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तुकडा हातातच राहिला. मागून त्यांचा देवव्रत आला, मैत्रेयीचा मामा. नागपूरहून इथं कार्तिकी पौर्णिमेच्या गंगास्नानाला आलेत. निदान म्हणायला तरी.

शरदिनीबाई हेडमास्तरीण होत्या. पाठ अजून कशी ताठ! मी दुसरी पास. दिवसभर पोरीच्या तोंडी "नागपूरआजी, नागपूरआजी". मी नुसती आजी. बरं, कढी मात्र माझीच दोनदा घेतली हो तिनं!

२ नोव्हेंबर, रविवार

पोरीची काळजी लिहायची राहिली. मैत्रेयी हवेच्या रायफलीनं नेमबाजी करते. सुमंतनं, माझ्या मुलानं, गच्चीवरच्या लांब खोलीत जागा करून दिलीय. काय दिसते ते जाड जॅकेट घालून! शेजारच्या मिश्राइनला मी मुद्दाम वर नेऊन दाखवलं. पण महिनाभर झाला, छर्रे कधी वर, कधी खाली. डिसेंबरात लखनौला निवडीची स्पर्धा आहे. तिचे कोच म्हणतात, "बिटिया का हाथ काँपता है, इस साल रहने दो." सुमंत म्हणतो, अकरावीचं वर्ष आहे, विकून टाकू रायफल. पोर धड जेवत नाही.

मी दृष्ट काढली. मिरच्यांचा खाट उठला नाही म्हणजे दृष्ट होतीच! बदाम घोटून दूध दिलं. फरक शून्य.

आणि देवव्रतनं पिशवीतून काय काढलं? एक डबी! छर्रा तिच्यातून गेला की त्याचा वेग आकड्यात दिसतो म्हणे. ती बघून पोर हसली. महिन्यात पहिल्यांदा. माझ्या बदामाला हसली नव्हती.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळे वर. रायफलीच्या तोंडापुढे डबी. विहीणबाई खुर्चीत बसून आकडे वाचतात, शाळेत हजेरी घ्यावी तशा — "एकशे बहात्तर! एकशे एकोणसाठ! एकशे अडुसष्ट!" आकडे मलाही वाचता येतात. पण मला कोण विचारतंय! मी आपली चहाचा ट्रे घेऊन उभी. खिडकीत एक माकड. आम्ही दोघं प्रेक्षक.

देवव्रत म्हणाला, "हात नाही कापत हिचा. छर्राच कधी जोरात जातो, कधी रेंगाळतो. रेंगाळला की खाली पडणारच." मग म्हणाला, त्याच्या क्लबात मोठ्या रायफलीवाले, परवाना असलेले, काडतुसं हातानं भरतात. सगळी एकसारखी भरली असं कितीही वाटलं तरी वेग मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. "निशाणाचा कागद नुसता सांगतो गोळी कुठे लागली. का लागली ते वेग सांगतो."

सुमंत म्हणाला, "म्हणजे रायफलच बिघडली. विकूनच टाकू!"

पोर उठून खाली गेली. मागोमाग नागपूरआजी. मी जिन्यात पोचेपर्यंत डोळे पुसूनही झाले होते. दुसऱ्याच पदरानं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज देवव्रतनं स्वतःच्या डब्यातले नवे छर्रे दिले. आकडे कसे? एकशे बहात्तर, एकशे त्र्याहत्तर, एकशे बहात्तर! छर्रे सगळे एकाच भोकात! परत आमच्या डब्यातले घातले — झालं, पुन्हा उड्या.

म्हणजे रायफल ठणठणीत. हात ठणठणीत. त्यानं आमचा डबा कागदावर पालथा केला. छर्र्यांच्या शिशावर ओलीनं धरलेली पांढरी भुकटी. खोबणीत लाल, पिवळं काहीतरी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खंडेनवमीला मी शस्त्रं पुजली. पुजायचीच असतात! घरात विळी, सुरी, सुमंतचा स्क्रूड्रायव्हर, आणि यंदा पहिल्यांदाच रायफल. छर्र्यांच्या सगळ्या डब्यांत हळदकुंकू आणि पळीपळी गंगाजळ घातलं. झाकणं घट्ट लावली. पुण्य सांडू नये म्हणून!

विहीणबाई म्हणाल्या, "काय बाप्पा विहीणबाई! छर्र्यांनाही कार्तिकस्नान घातलं का?" सगळे हसले. सूनसुद्धा. सुमंत तर जमिनीवर बसला हसून.

मी खाली आले. भात करपला. करपू दे.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

पहाटे सगळे घाटावर. मैत्रेयी माझा हात धरून पायऱ्या उतरली. माझा! विहीणबाई मागे, देवव्रतच्या आधारानं.

पाण्यात उभी असताना विचारलं, "तुला दिसलं नव्हतं गं ते कुंकू?"

"दिसलं होतं. पुसून घालत होते. वाटलं तेवढ्यानं चालेल."

"मग बोलायचं की!"

"तू इतक्या हौसेनं केलं होतंस आजी. आणि मला वाटलं, खरंच माझाच हात कापतोय."

मी डुबकी मारली. लगेच वर आले नाही.

संध्याकाळी घाटभर दिवे. काय शोभा! विहीणबाईंची वात विझत होती, मी आडोसा धरला. उगाच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रीच्या गाडीनं गेले. जाताना विहीणबाईंनी मनातलं काढलं, तेही माझ्याच स्वयंपाकघरात. मैत्रेयीला दोन वर्षं नागपूरला पाठवा. मामाचा क्लब आहे, रोज सराव होईल, कॉलेजही जवळ.

सुमंत "नाही" म्हणाला. पोर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मला नाही जायचं. आजी एकटी पडेल."

विहीणबाईंचा चेहरा एवढासा झाला. मला एवढा आनंद झाला की त्यांना शिदोरीत चार लाडू जास्त बांधले!

स्टेशनहून पोर परत आली ती सरळ माझ्या कुशीत. नागपूरच्या डबीला म्हणावं, मोज आता हे!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नाही. छर्रे पुसत बसलेली पोर डोळ्यांपुढून हलेना. महिनाभर! आणि एक शब्द नाही. इथं राहिली तर जन्मभर माझं मन राखत बसेल.

सकाळी फोन मीच लावला. म्हटलं, शरदिनीबाई, लखनौचं उरकलं की न्या तिला.

त्या रडल्या. हेडमास्तरीण!

खिचडी संक्रांत झाली की येतो म्हणाल्यात. १६ जानेवारी, शुक्रवार.