माफीचा व्हिडिओ

सोम., ३ नोव्हें.
कंपनीत महेशच्या लाइनवर काम करणारा सुनील गेला. भोसरीहून बाइकवर सकाळच्या शिफ्टला निघाला होता. आमदारसाहेबांच्या वाढदिवसाची कमान चाकण रोडला उभी केली होती ना, ती काढली, खांबांचे खड्डे तसेच. चाक त्यात गेलं, मागून ट्रेलर. त्याला रस्त्यावरून उचललं ते महेशनंच, दुपारी तसाच घरी आला. शर्ट बादलीत भिजवला. पाणी बदलत राहिले.

मंगळ., ४
स्मशानातून आल्यावर महेशनं साहेबांच्या पेजवर, केक कापतानाच्या फोटोखाली लिहिलं : "साहेब, तुमच्या कमानीच्या खड्ड्यात आमचा माणूस गेला. केक गोड होता का?" आधी मला दाखवलं. मी म्हटलं, टाक. माझाही संताप झाला होता.
संध्याकाळपर्यंत कुठच्या कुठे गेलं. कंपनीतली पोरं, पुनावळ्यातले ओळखीचे, कोण कुठले. "भावा, खरं बोललास." सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननीही लाल रागीट चेहरा टाकला.
बरं वाटलं. सुनीलची राख गार व्हायचीय आणि आम्हाला बरं वाटत होतं.

गुरु., ६
साहेबांची माणसं आली, चौघं. आवाज चढवला नाही. चहा घेतला. "वहिनी, चहा झकास." मुलीच्या शाळेचं नाव त्यांना ठाऊक होतं, तेही सहज बोलता बोलता सांगितलं.
मग महेशला सोफ्यावरून उठवून भिंतीपुढे उभं केलं. एक जण सांगायचा, महेश म्हणायचा, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. साहेबांची माफी. म्हटलं ठीक, सुटलो. मग : तिथं खड्डा नव्हता. मग : मयत माणूस दारू प्यायलेला होता.
महेश थांबला.
"भाऊ, परत घेऊ. जरा मोकळ्या आवाजात."
परत घेतलं.
जाताना त्यांनी कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवले. मी ते कचऱ्यात टाकले. चांगले होते.

शुक्र., ७
व्हिडिओ सगळीकडे. परवा लाल चेहरे टाकणारे आज हसरे टाकतायत. तीच नावं! 'खरं बोललास'वाल्यानं आपली कमेंट काढली आणि इकडे येऊन टाळ्या वाजवल्या. चेअरमन ग्रुपवर : "साहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं. सर्वांनी बोध घ्यावा." त्याखाली जोडलेले हात, नुसते हात.
घाबरणं मला कळतं, मीही घाबरलेय. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो. हे नाचतात कशाला? किळस येते. फोन खाली ठेवला की हात धुवावेसे वाटतात.
महेश जेवला नाही. "तू तरी काहीतरी बोल." मी त्याचं ताट झाकून ठेवलं. त्याचीही किळस आलीय, थोडी. लिहू नये हे. पण आलीय.

रवि., ९
रेखाचा फोन. सुनीलची बायको. स्पीकरवर होता, महेश समोरच.
"ताई, भाऊजींना विचारा, इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, कधी वास आला व्हता का?"
महेश उठून गॅलरीत गेला.
"सासरे तोंड लपवून बसलेत. कंपनीतून फोन येतो, पीत होते का म्हणून. काय सांगू?"
मी नुसती हं हं करत राहिले. स्वतःचा आवाज ऐकवेना.

गुरु., १३
काल सुनीलचा दहावा झाला. महेश लांब उभा राहिला, जेवायला थांबला नाही. आज मी एकटी भोसरीला गेले, रेखाच्या खोलीवर.
ती म्हणाली, "मला बी व्हिडिओ काढायचाय. तुमी फोन धरा."
"अगं, ते घरी येतात."
"येऊ द्या. आता माझं काय न्यायचं राह्यलंय?"
केस विंचरले, पदर नीट घेतला. रडली नाही. मी विचारलं, "सुनील दारू प्यायचे?"
"न्हाई. वासानं उलटी व्हायची त्यांना. त्या दिवशी चहा पिऊन गेले. खड्डा तिथंच हाय, जाऊन बघा."
तेवढंच. तिथंच बसून तिनं टाकला.

शुक्र., १४
लोक आज रडतायत. तुटलेली हृदयं, लाल चेहरे. तीच नावं, तीच! चेअरमन मात्र गप्प, वाट बघत असतील, वारा कुठला ते कळेपर्यंत.
खड्डा बुजवला. महेशनं सकाळी कंपनीच्या बसमधून पाहिलं, ओली खडी होती म्हणे.
दुपारी त्याचा फोन. "आवाज तुझा आहे ना?"
"हो."
मागे नुसता मशिनचा आवाज. मग तो "बरं केलंस" म्हणाला की "काय केलंस", नीट ऐकू आलं नाही. लाइन कट.

आत्ता वॉचमनचा इंटरकॉम. "मॅडम, त्या दिवशीचे लोक आलेत. वर सोडू?" म्हटलं, नको, मी येते खाली. मुलीला शेजारी पाठवलं. महेश अजून बसमध्ये.
उद्या माझ्याही तोंडून काहीबाही वदवून घेतील. मीही म्हणेन कदाचित, मुलीचा विषय निघाला तर. म्हणून जायच्या आधी लिहून ठेवते. फोन मी धरला. प्रश्न मी विचारला. तिनं दिलेलं उत्तर खरं होतं.
इंटरकॉम परत वाजतोय.