कुणाला काय सांगायचं

परभणी, १८ डिसेंबर १९९३

ती. भागम्माअक्कास, नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात नुसती धांदल हाय. सितारामकाका होते तोवर काउंटरचं काम म्हणजे केसपेपर फाडायचा आणि नंबर पुकारायचा. ते निवृत्त झाले, डॉक्टरांनी टेबलावर कम्प्युटर आणला, दोन फोन बसवले. आता नोंद मीच करते, ताटकळून तापलेल्यांना शांत करते, आधी कुणाला आत सोडायचं तेही ठरवते. काल पोटदुखीच्या एका म्हाताऱ्याला मागं बसवलं, त्याचा कळवळलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. काम आवडतं, पण जीव थाऱ्यावर नसतो. तू मला पोपट म्हणतेस ना, एक दिवस येऊन बस इथं.

अप्पांना जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी नीला

गंगाखेड, ४ जानेवारी १९९४

चि. नीलम्मास, अनेक आशीर्वाद.

पालमचं स्थळ अप्पांना लय पसंत हाय. पण मुलाचा थोरला भाऊ नागनाथ, त्याचं परभणीच्या मोंढ्यात दुकान हाय, त्यानं तुला काउंटरवर बघितलं. पोरगी दिवसभर परक्या माणसांशी काय बोलत बसती, असं विचारायलेत. संक्रांतीनंतर नोकरी सोड, म्हणजे बोलणी पुढं जातील. अप्पांचा घोर बघवत न्हाई. राग धरू नको, माया ठेव.

तुझी अक्का

परभणी, २१ जानेवारी १९९४

ती. अक्कास, शि. सा. न.

बंदमुळं अडकलेलं टपाल सुरू झाल्याबरोबर लिहायलेय. विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं तेव्हा पेडगावकडची धुरपताबाई आमच्याकडं बाळंतपणाला होती. तिच्या नवऱ्यानं गावात पेढे वाटले, त्यावरून चार-पाच जण त्याला धुंडत आले. तो आत बायकोच्या उशाशी बसलेला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. काउंटरवर मी एकटी.

पुढं होता तो तू लिहिलेला मोंढ्यातला नागनाथ. त्यानं मला ओळखलं. हळूच म्हणाला, "तू आपली हायेस. कोणत्या खोलीत हाय, तेवढं सांग."

अक्का, मी रोजच्या आवाजात म्हणाले, "पेशंटची माहिती आम्ही फक्त घरच्यांना देतो. आपण बाहेर बसा."

तो जागचा हलेना. तशी मी फोन उचलून पोलीस ठाण्याचा नंबर फिरवला. ते गेले. जाताना तो म्हणाला की, आमच्या घरात असली सून चालायची न्हाई.

तेव्हापासून दार वाजलं की दचकते. पण नोकरी सोडणार नाही. अप्पांना कसं सांगायचं ते तूच बघ. रागावलीस तरी पत्र धाड.

नीला

गंगाखेड, २७ जानेवारी १९९४

चि. नीलम्मास, आशीर्वाद.

अप्पांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते उठले. चपला घातल्या आणि तडक पालमला नागनाथच्या वडिलांकडं गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले की, नकार आपल्याकडून कळवला.

मला मात्र चैन न्हाई. एकटी बसत जाऊ नको. अप्पांनी दोनदा विचारलंय, ती बाळंतीण सुखरूप घरी पोचली का? आणि मुलगा झाला का मुलगी?

उत्तर लवकर धाड, वाट बघायलोत.

तुझी अक्का