रिकाम्या डब्यातली साखर

रत्नागिरी,
ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रिय गुरुप्रसाद,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहावा अशी आपल्या घरची रीत आहे. तुझ्या आईचा आशीर्वाद येथेच लिहितो, कारण त्याला कसलीही अट नाही. माझा राखून ठेवतो. हे सारे फोनवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. परंतु फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, आणि मला त्या ‘हं’विषयीच बोलायचे आहे.

घरचे वर्तमान असे, की मिरकरवाड्याला ट्रॉलर किनाऱ्याला लागले आहेत, बाजारात सुक्या मासळीची गर्दी आहे, आणि आपल्या अंगणातले वाळवण आवरून झाले आहे. यंदा फणसाची साठे बरी उतरली. तुझ्या आईची दृष्टी दिवाळीपासून जवळजवळ गेली, हे तुला ठाऊक आहे. मधुमेहाने डोळे नेले, पण बोटे नेली नाहीत. शेजारची गोदूबाई ताटाला तूप लावून रस पसरते आणि तुझी आई दर प्रहरी अंगणात चाचपडत जाऊन साठाच्या कडा दाबून पाहते. कुठे ओले आहे, कुठे उलटायला झाले आहे, हे तिला डोळ्यांपेक्षा बोटांनीच अधिक कळते. मेतकुटाची डाळ ती वासावरून भाजते. डाळ किंचित जास्त खरपूस झाली, तर ती बाजूला काढायला लावते आणि पुन्हा भाजवून घेते. गोदूबाई चिडते. ती म्हणते, एवढे करून लेक पुण्यात बसून काय खातो ते देवाला माहीत. तुझी आई हसते आणि म्हणते, देवाला माहीत आहे म्हणूनच करते.

मुरुडहून, तिच्या माहेराहून आलेला तो कडीचा डबा तुला आठवत असेल. तू नोकरीला लागल्यापासून तोच जातो आणि तोच येतो. तो भरला की मी देवापुढे पाण्याचे मंडल काढून त्यावर ठेवतो, वर तुळशीचे पान घालतो आणि हात जोडतो. मग दाभणाने पांढरे कापड शिवून, शाईने तुझे नाव घालून पुण्याच्या गाडीवर नेऊन देतो. तुला गेलेले अन्न नुसते खाणे नव्हते, गुरुप्रसाद. ते निवेदित अन्न होते. आपल्या धर्माने देणाऱ्याला जेवढे नियम घातले, त्याहून कठोर घेणाऱ्याला घातले आहेत. प्रतिग्रह ही सोपी गोष्ट नव्हे. मी हे आयुष्यभर देवळात सांगत आलो. श्रोते माना डोलवीत. तूही पुढच्या रांगेत बसून डोलवीत असस.

आणि भरून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. हे तुला शिकवावे लागेल असे मला कधी वाटले नाही. शिकवल्याशिवाय येतात अशा गोष्टींत ही एक असावी, असा माझा समज होता.

पहिला डबा परत आला तेव्हा त्यात साखर होती. तुझ्या आईने ती देवापुढे ठेवली आणि मग जिभेला लावली. डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली आहे, तरी तेवढी एक चिमूट तिने कधी सोडली नाही. ही साखर मला बाधायची नाही, असे ती म्हणे. मग लगेच तुला फोन लावायला सांगे. साखर पोचली हो, असे ती म्हणे. आणि तू म्हणायचास, ‘हं.’ दरवेळी हेच चाले. तिच्या दिवसभराच्या बोलण्यात त्या साखरेइतके दुसरे काही नसे.

चैत्रात सम्यक घरी येऊन गेला. तुझ्या खोलीत दोन वर्षे राहिलेला, सावर्ड्याकडचा. रत्नागिरीस काही कामाला आला होता. आई निजली होती म्हणून तो माझ्याजवळ पडवीत बसला. नाशिकला नवी नोकरी लागली, ती सांगायला आला होता. मग बराच वेळ चहाची बशी फिरवीत राहिला. शेवटी म्हणाला, “काका, आता एवढं पाठवू नका. मी होतो तोवर मी खात होतो. काकूंचे हात दुखत असतील.” मी विचारले म्हणून त्याने उरलेले सांगितले, तुझी निंदा करण्यासाठी नव्हे. तू डबा उघडत नसस. मेतकुटाचा वास खोलीभर होतो, हे घेऊन जा, असे त्याला म्हणत असस. तो खाई, डबा घासून ठेवी, त्याच्या आईने, करुणाबाईंनी, सांगितल्याप्रमाणे साखर घाली आणि गाडीवर नेऊन देई. ती साखर तुझी म्हणून घेतली जाते, हे त्याला माहीत नव्हते. तुला माहीत होते. ‘हं’ तू म्हणत होतास.

न आवडणे हा गुन्हा नव्हे. रुची बदलते, वय बदलते. नको म्हणाला असतास, तर एक दिवस ती खट्टू झाली असती. परंतु दुसऱ्याच्या हातची कृतज्ञता आपल्या नावावर घ्यायची, आणि तीही दृष्टी गेलेल्या आईकडून, याला कोणता शब्द लावावा ते मला सापडत नाही. इतकी वर्षे शब्दांतच घालवली, तरी सापडत नाही.

तिला मी काही सांगितले नाही. वैशाखात तिने पुन्हा डबा भरला आणि मी पुन्हा शिवला. आता सम्यक तेथे नव्हता. डबा आला नाही. मी तीनदा फोन केला तेव्हा आला. तो न घासलेला होता. कोपऱ्यात मेतकूट चिकटले होते आणि त्यात मी घातलेले तुळशीचे पान तसेच वाळून बसले होते. खाणाऱ्याने पान उचलून बाजूला ठेवले असते. ते तेथेच होते, म्हणजे सारे कोठे गेले ते मला समजले.

आई माजघरातून विचारीत होती, डबा आला का, साखर आहे का. मी न्हाणीत डबा घासला, पुसला, आणि स्वयंपाकघरातल्या बरणीतली साखर घालून तिच्यापुढे ठेवला. ज्या हाताने रोज अर्घ्य देतो त्या हाताने हे केले. तिने साखरेला बोट लावले, नाकाशी नेले, आणि तशीच थांबली. मुंग्या येऊ नयेत म्हणून आपल्या साखरेच्या बरणीत लवंगा टाकायची पद्धत तिचीच. मला त्याचे भान राहिले नाही. ती म्हणाली, “अहो, ही आपल्याच बरणीतली साखर. लवंगेचा वास येतोय हिला.” तिने बोट पदराला पुसले आणि म्हणाली, “तुम्ही नका असलं करू. तुम्हाला जमायचं नाही ते.”

त्यानंतर तिने फोन लावायला सांगितलेले नाही. तुझे नावही घेतलेले नाही. यंदाची सगळी साठे तिने गोदूबाईच्या नातवंडांना देऊन टाकली. संध्याकाळी मी पोथी वाचतो तेव्हा ती ऐकते, पण पूर्वी जेथे हात जोडी तेथे आता नुसती बसून असते.

म्हणून हे पत्र. आजच्या गाडीने तोच डबा शिवून पाठवला आहे. पत्र त्यात ठेवले नाही, कारण तू डबा उघडशील याची मला खात्री नाही; ते टपालाने वेगळे पाठवत आहे. डबा हलका लागेल. आत काही नाही, तुळशीचे पानही नाही. या घरातून रिकामे भांडे प्रथमच बाहेर गेले आहे. त्यात साखर घाल. विकत आण, उसनी घे, पण तुझ्या हाताने घाल, आणि परत पाठव. तुला येथे ये असे मी म्हणत नाही. माझा आशीर्वाद तोवर माझ्यापाशीच राहील. डबा आला की मी शिवण उसवणार नाही, कडी काढणार नाही. तसाच तिच्या मांडीवर ठेवीन. आत काय आहे ते तिला कळेल.

तुझाच, अजून तरी,
अण्णा